गोरक्षला न दिसलेली एसटी

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

श्रीगोंदा,
ता. ५ नोव्हेंबर १९७०

ती. सौ. आक्कास,
गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज आटोपून सुखरूप घरी पोचलो. तुझ्या कोपराचं खरचटलेलं कसं आहे? दाजींनी विचारलं तर खुशाल सांग, की ओवाळून घेतल्यावर भावाने मला पारनेरच्या रस्त्याला ढेकळांत पाडलं. पण निम्मा दोष तुझा, हेही सांग. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने ज्वारीच्या पोत्यासारखं बसायचं असतं. तू एकाएकी डावीकडे अंग टाकलंस, वर माझ्या पाठीत गुद्दे घातलेस. गाडी नांगरटीत जाणार नाही तर काय! उठल्यावर आपली "एसटी, एसटी" करत होतीस. कुठली एसटी, आक्का? रस्ता तर मोकळा होता.

गाडीला विशेष काही झालं नाही. पुढचा दांडा थोडा वाकला होता, तो आपल्या बन्सीने आमच्या वर्कशॉपात सरळ केला. ही जावा गाडी आम्हा दोघांच्या भागीची. तेव्हा तो म्हणतो, दुसरं कुणी असतं तर भरपाई घेतली असती, पण तीही निम्मी माझीच बहीण आहे.

मोटरसायकलची शर्यत माघात आहे, पुण्याजवळ, गेल्या खेपेच्याच जागी. गेल्या खेपेला मी पार मागे पडलो तो गाडीमुळे नव्हे. शेवटच्या फेऱ्यांना माझेच दंड भरून आले, क्लच दाबायला बोटं मिटेनात. म्हणून या वर्षी पावसाळ्यापासूनच अंग कमवायला लागलोय. पहाटे तळ्याच्या बांधावरून पळतो, तालमीत जोर-बैठका काढतो, खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन टेकाड चढतो आणि शेवटी आपल्या विहिरीत पोहतो. जेवण एक वेळ, संध्याकाळी नुसतं ताक. माझं वजन उतरेल तेवढी गाडी पळणार. दिवसभर लोकांची ऑईल इंजिनं दुरुस्त करायची आणि मग आपल्या गाडीला हात लावायचा, त्यामुळे झोप कमी होते, पण त्याचं काही वाटत नाही.

आईचं मात्र एक नवीन खूळ आहे. घरात रांजण भरलेला असताना मी पोहायला निघालो की ती धुणं घेऊन विहिरीवर येते. मी बाहेर निघेपर्यंत एकच लुगडं आपटत बसते. तिला जरा समजावून लिही.

दाजींना नमस्कार. रागावली असलीस तरी मायेला खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
गोरक्ष


॥ श्री ॥

सुपा,
ता. ११ नोव्हेंबर १९७०

चि. गोरक्ष यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू यायला पाहिजे होतं. मी दार लोटून ते पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, मी भिऊ नये म्हणून तू थट्टा करत होतास. आता कळलं, की तुला खरोखरच काही माहीत नाही.

गोरक्ष, एसटी होती. समोरून येत होती, टपावर गाठोडी बांधलेली. जे झालं ते तुला जसंच्या तसं सांगते. तू मला बन्सीच्या लग्नाचं काही सांगत होतास. बोलता बोलता तुझं वाक्य अर्ध्यात तुटलं. वाऱ्यामुळे ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुढे वाकून विचारलं. तू बोलला नाहीस. तुझ्या तोंडातून मचमच आवाज येत होता, सुपारी चघळल्यासारखा. मान सरळ, हात मुठीवर, गाडी तेवढ्याच वेगात. आणि ती हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तो देतच राहिला. मी ओरडले, पाठीत गुद्दे घातले. तुझी पाठ भिंतीसारखी होती रे. एका अंगाने बसले होते म्हणून मला डावीकडे झोकून देता आलं. गाडी तिकडे वळली आणि आपण नांगरटीत गेलो. एसटीचा वारा माझ्या तोंडावर लागला.

पडल्यावर मी तुझ्याकडे धावले. तू बसून होतास आणि ढेकळांवरून बोटं फिरवत होतास. हाक मारली तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, पण परक्या बाईकडे पाहावं तसं. मग थोड्या वेळाने हसलास आणि म्हणालास, चाकाखाली दगड आला.

तिथे दगड नव्हता.

मी यांना अजून सांगितलेलं नाही. ते स्वतः एसटी चालवतात, ऐकलं तर तडक तुझी गाडी काढून घेतील. आधी तू मला खरं सांग. याआधी असं कधी झालंय का? बन्सीने कधी पाहिलंय का? आणि उत्तर येईपर्यंत विहिरीत उतरू नकोस. आईला मी काही समजावणार नाही. तिला तिथे बसू दे.

जिवाला जप आणि या वेडीवर लोभ ठेव.

तुझी,
आक्का


श्रीगोंदा,
ता. २० नोव्हेंबर १९७०

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी चिडलो, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू घाबरलेली होतीस आणि घाबरलेल्या माणसाला रिकाम्या रस्त्यावर एसटीच काय, आगगाडीही दिसते. क्षणभर डोळा लागला असेल माझा. रिकाम्या पोटी माणसाला गुंगी येते. त्याचा एवढा बाऊ कशाला?

गाडीचं काम रंगात आलंय. इंजिन सबंध उकललं. पिस्टनवरची काजळी खरवडली, नगरला जाऊन सिलिंडर बोअर करून आणायचाय. मागे जास्त दातांचं चक्र बसवलं, म्हणजे वळणातून गाडी उसळून निघेल. दिवा, मडगार्ड, मागची सीट, सगळं उतरवलं. आता ती सोललेल्या कोंबडीसारखी दिसते. सुरुवातीला वीस-पंचवीस गाड्या एकदम सुटतात, हँडलला हँडल घासतं. तिथे जो पहिल्या वळणावर पुढे निघाला तो निघाला.

बन्सीला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही. तो हल्ली मला बुवा म्हणतो, मधूनच माझी समाधी लागते म्हणून. परवा मी तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून उभा होतो म्हणे. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा त्यानेच हात ओढला. मोठा फोड आलाय. पण दिवसभर राबलेल्या माणसाचं लक्ष नसतं कधीकधी. दाजींना यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण एक गोष्ट दोन दिवस डोक्यात घोळतेय. बन्सीच्या लग्नाचं मी तुला काय सांगत होतो ते मला आठवत नाही. पारनेरचा फाटा आठवतो. त्यानंतर आठवते ती तोंडात गेलेली माती.

थकलो असेन. माझ्यावरचा तुझा जीव आटू देऊ नकोस.

तुझा,
गोरक्ष


॥ श्री ॥

सुपा,
ता. ४ डिसेंबर १९७०

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

तू सिलिंडर घेऊन नगरला गेलास त्या दिवशी मी श्रीगोंद्याला येऊन गेले. तुला कळू द्यायचं नाही असं आईने बजावलं होतं. मी ते पाळणार नाही.

मी तिला पारनेरच्या रस्त्याचं सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं. रडली नाही, दचकली नाही. मग मला कळलं, की तिला हे नवीन नाही. उन्हाळ्यात तू जेवताना घास हातात धरून तसाच बसला होतास, तेव्हाच तिने ओळखलं होतं.

आपला सहादेवमामा विहिरीवर पाय घसरून गेला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आई म्हणाली, "सहादू घसरला न्हवता. त्याला फेपरं हुतं, मालन. आमी कुनाला कळू दिलं न्हाई." आधी तोही असाच मधेच गप्प व्हायचा, तोंड चाळवायचा. घरचे म्हणायचे, पोरगं भोळं आहे. पोरींची लग्नं व्हायची होती म्हणून कुणी बाहेर बोललं नाही. एक दिवस तो पोहायला उतरला आणि वर आला नाही. आई काठावर होती. तिला वाटलं, बुडी मारून खेळतोय.

गोरक्ष, तिच्या धुण्याच्या गाठोड्यात कासरा असतो. मी पाहिला. तिला पोहता येत नाही. तू पाण्यात असलास की एक टोक तिने चिंचेला बांधलेलं असतं आणि वर लुगडी टाकलेली असतात.

हा शब्द लिहू नकोस, पोराचं लग्न जमायचं नाही, असं ती मला हात जोडून म्हणत होती. माझी आई मला हात जोडत होती. तरी मी लिहिला, कारण तुझं लग्न न जमलेलं मला चालेल. तू घातलेली शपथही मोडली आहे. यांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले.

गाडीला हात लावू नकोस. नगरच्या डॉक्टरकडे चल. उत्तर टाक. एक ओळ चालेल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आक्का


सुपा,
ता. १२ डिसेंबर १९७०

चि. गोरक्ष यास,
काकासाहेबाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चूकभूल पोटात घाल. तुझं उत्तर नाही म्हणून तुझी बहीण रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी असते, धड जेवत नाही.

भाऊबीजेला पारनेरच्या गाडीवर कोण होता ते मी काढलं. आमच्यातलाच आहे, जुना माणूस. मी तुझं नाव न घेता विचारलं. त्याला लगेच आठवलं. तो म्हणाला, मोटरसायकलवाल्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, पण त्याच्या डोळ्यांत मी नव्हतो. तिथून पुढे त्याने गाडी बाजूला घेतली आणि पुन्हा चाक हातात धरवेपर्यंत उतारूंना खाली उतरवून ठेवलं. बायका, म्हातारी, सगळी होती.

मी तुला भित्रा म्हणत नाही की खोटा म्हणत नाही. जे माणसाला दिसतच नाही ते तो कबूल कसं करणार? पण डोळ्यांनी पाहिलंय असं दोघं जण वेगवेगळे सांगताहेत. निदान डॉक्टरला भेटेपर्यंत गाडी उभी ठेव. रजा टाकून मी येतो, आपण जाऊ. हे लपवलंस तर मला कुणाच्या तोंडाकडे बघून गाडी चालवता येणार नाही.

आईंना नमस्कार. आपलेपणा आहे तसा राहू दे.

तुझा,
काकासाहेब


श्रीगोंदा,
ता. २२ डिसेंबर १९७०

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

अक्षर लागेल तसं लाव.

दाजींचं पत्र आलं होतं. मी ते खिशात घालून आपल्या गावाबाहेरच्या माळावर गेलो. ठरवलं होतं, की शेवटचं एकदा चालवून बघायची. इंजिन नुकतंच जोडलं होतं आणि आवाज असा लागला होता, की काय सांगू. आम्ही चुन्याने वाट आखली होती. बन्सी लांबच्या वळणावर फडकं घेऊन उभा राहिला, मी कुठे कडेला सुटतो ते बघायला. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसरीत वळणाआधी मी गिअर उतरवला.

त्यापुढचं मला काही माहीत नाही. भान आलं तेव्हा गाडी घाणेरीच्या जाळीत अडकून भडभडत होती आणि मी शेजारी उभा राहून बाहीने तिची टाकी पुसत होतो. मागून कुणीतरी ओरडत होतं. बराच वेळ ओरडत असावं. मला वाटलं, मेंढरं हाकताहेत. वळून पाहिलं तर बन्सी जमिनीवर, उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला. मी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, काय झालं रे? आक्का, त्याने माझ्याकडे जसं पाहिलं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. तो मला भ्याला.

मालट्रकने नगरला नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलंय, पण पाय राहील म्हणतात. सगळ्या वाटेत तो माझा हात धरून एकच सांगत होता, की गाय आडवी आली असं सांगायचं. त्याने घरी तसंच सांगितलं. लग्न वैशाखात ठरलंय, मुलगी आपल्या मावसबहिणीची. तुला मी तेच सांगत होतो, हे मला त्याच्याकडून कळलं. तो म्हणतो, माझा पाय जुळेल, तुझं नाव गेलं तर जुळायचं नाही.

पण त्या माळावर एकट्या भीमाबाईचीच गाय चरते. बन्सीची आई, रंगुबाईमावशी, तिच्या दारात जाऊन तिला नाही नाही ते बोलली. गाय विकून दवाखान्याचं भर म्हणाली. भीमाबाई देवाची आण घेऊन सांगत होती, की गाय त्या दिवशी दावणीला होती. मी कोपऱ्यावर उभा राहून ऐकलं आणि परत फिरलो.

मला भीती वाटते. शर्यतीत पडायची कधी वाटली नव्हती. आता भाकरी तोडतानाही वाटते, की हा तुकडा तोंडात जाईपर्यंत मी असेन का.

तुझा,
गोरक्ष


॥ श्री ॥

सुपा,
ता. २६ डिसेंबर १९७०

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

हे सोमवारी येताहेत, त्यांच्याबरोबर नगरला जा. आईलाही ने. मामाचं जे काही आहे ते डॉक्टरला तिनेच सांगितलं पाहिजे.

भीमाबाईचं मी काही सांगायला नको. तुझं मन तुला सांगतंय, म्हणून तर तू मला लिहिलंस. मलाही भीती वाटते. गावभर झालं तर उद्या मला इथे विचारतील, तुझ्या पोराबाळांना होईल का. मी काय सांगणार ते मला माहीत नाही. तरी जा. तुला भाकरीची भीती वाटते तर शेजारी कुणाला तरी बसवून खा, पण खा. उपास पुरे झाले.

मी आहे, हे विसरू नकोस.

आक्का


श्रीगोंदा,
ता. २१ जानेवारी १९७१

ती. सौ. आक्कास,
गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातलं दाजींनी सांगितलंच असेल. आईने तोंडाला पदर लावून सहादेवमामाचं सगळं सांगितलं. डॉक्टर तिला थांबवत नव्हते. मेंदूचा आलेख काढायचं यंत्र पुण्याला आहे, तिकडे पुढच्या महिन्यात जायचंय. तोवर गोळ्या दोन वेळा. झोप पुरी, पोट भरलेलं. गाडी, विहीर, चुलीजवळ एकट्याने बसणं, इंजिनाचा फिरता पट्टा, सगळं बंद. मी विचारलं, पुन्हा गाडीवर कधी बसता येईल. ते म्हणाले, गोळ्यांनी बरीच माणसं सुधारतात, पण तारीख मागू नकोस. पुण्याच्या क्लबाला नाव काढल्याचं कळवून टाकलं.

नगरहून आलो तो तडक बन्सीच्या घरी गेलो. दारात चपला काढल्या. रंगुबाईमावशी भाजी निवडत होती. बन्सी आतून मला खुणेने नको म्हणत होता. मी म्हणालो, "गाय नव्हती, मावशी. मी होतो." मग फेपऱ्याचंही सांगितलं, तोच शब्द वापरून. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने भाजी तशीच टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर निघून गेली. ती भीमाबाईच्या घरी गेली होती. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलेलं नाही.

परत आल्यावर मला म्हणाली, पाय तू मोडलास तर उचलायलाही तूच येशील, रोज. आणि उंबऱ्यावरून वळून विचारलं, पुन्हा तसं हुईल का? मी म्हणालो, माहीत नाही.

गावात कळलंय सगळ्यांना. दोन घरांतून इंजिनं परत नेली. जिथे आई माझ्यासाठी मुलगी बघत होती तिथून आता निरोप येत नाही. आई मात्र विहिरीवर जात नाही, याची मला सवय व्हायची आहे. बन्सीच्या सासरच्यांनी लग्न मोडलेलं नाही, फक्त पुढे ढकललंय.

रोज सकाळी जातो. बन्सीला उठवतो, आंघोळ घालतो, खाटेवर बसवतो. गाडी त्याच्या समोर पडवीत उभी आहे. पुढच्या वर्षी तो चालवणार म्हणतो. पाय बांधलेला असला तरी दंड रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून मी त्याच्याकडून दोन्ही हातांत लोखंडी वजनं देऊन मेहनत करून घेतो. मी मोजतो, तो उचलतो.

काल मोजत होतो. पुढे काय झालं ते बन्सीने सांगितलं. मी बाविसावर थांबलो. त्याला वाटलं, मी त्याला जास्त उचलायला लावतोय, म्हणून त्याने आणखी दोनदा उचलली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वजनं सोडून दिली. माळावरचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो म्हणतो, मी खाटेवरून पळणारच होतो, पण पळायला पाय नव्हता. तेव्हा त्याने हात लांब करून माझं मनगट पकडलं आणि नावाने हाका मारत राहिला.

मी भानावर आलो तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मनगट अजून त्याच्या हातात होतं. मी विचारलं, किती वेळ रे? तो म्हणाला, ते सोड, पुढचा आकडा सांग.

आईचा आशीर्वाद, दाजींना नमस्कार. आता मी तुझ्यापासून काही लपवणार नाही, तूही माझ्यापासून तुझी भीती लपवू नकोस.

तुझा,
गोरक्ष